हौसामावशी, तुम्ही रडला नव्हतात

प्रिय हौसामावशी,

आज पुस्तकाची शेवटची प्रुफं प्रकाशकांना परत पाठवली. माझे निवडक वृत्तलेख एकत्र छापले जाताहेत, त्यात तुमच्यावरचा लेखही आहे. तुम्हाला जाऊन महिना झाला. पण त्यातली एक ओळ मी काढली, हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहायला बसले.

मी पहिल्यांदा इनामगावला आले तो दिवस आठवतो? तुम्ही आणि तुमची सून मंगल, दोघी रानात कांदा काटत, म्हणजे विळ्यानं त्याची पात छाटत होतात. गावात उत्खनन चालू होतं तेव्हा मातीच्या पाट्या वाहणारी चौदा वर्षांची पोर मला शोधायची होती. ती पोर म्हणजे तुम्ही! हातातला विळा न थांबवता तुम्ही सांगत गेलात. एका जुन्या घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली, आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. आत तान्ह्या बाळाची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वीचं बाळ!

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

तुम्ही विळा खाली ठेवलात, पदरानं डोळे टिपलेत. बोललात काहीच नाही.

मला तर लेखाचा शेवटच मिळाला! तुमचं एक लेकरू तान्हेपणी गेलं, हे मला शेजारणीकडून कळलं होतं. मी दोन्ही एकत्र शिवलं. 'हौसाबाईंचे डोळे भरून आले. तीन हजार वर्षांपूर्वीची आई आणि माझ्या समोरची आई एकच झाल्या.' लेख छापून आला आणि माझा फोन दोन दिवस वाजत होता. ती शेवटची ओळ काय सुंदर आहे, जो तो म्हणायचा.

मी अंक घेऊन तुमच्याकडे आले. मंगलनं अंगणात बसून मोठ्यानं वाचला. तुम्ही नुसत्या चहा ओतत होतात. तेव्हाच का नाही बोललात, मावशी? मला सुनेसमोर खाली बघायला लावायचं नव्हतं, हेच ना? एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आलात आणि मग हळूच विचारलंत,

"व्हय गं, त्यात रडलं कोन म्हनं?"

"तुम्ही, मावशी."

"मी? कवा? आगं, कांदा झोंबला व्हता डोळ्याला!"

तुम्ही हसलात. मला हसू येईना.

"आन् माझं लेकरू गेलं ते लगीन झाल्यावर. चौदा वर्साच्या पोरीला त्याचं काय ठावं?"

एवढी साधी गोष्ट! माझ्या लक्षात कशी आली नाही? की येऊच दिली नाही?

"मग मी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प का झालात?"

"आठवत व्हते. मी त्या मडक्यांची तोंडं बघत व्हते तवा. कशी बसवली व्हती! मुंगी जायला जागा न्हाई. आडवं मडकं आसं एकटीला लावता येत न्हाई गं. एकीनं धरायचं, एकीनं लोटायचं. तवाधरनं माज्या डोस्क्यात हाय, त्या आईच्या संगं दुसरं कोन व्हतं?"

एसटी यायला वेळ होता. तुम्ही तुमच्या लेकराबद्दलही दोन वाक्यं बोललात आणि लगेच म्हणालात, "ह्ये लिवू नगस." ती वाक्यं मी कुठंच लिहिली नाहीत, मावशी. इथंही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना म्हटलं, दुरुस्ती छापू या. ते हसले. "अश्रूंची दुरुस्ती कुणी छापतं का?" आणि मी गप्प बसले. खरं सांगू? मला बरंच वाटलं. त्या ओळीवर माझाही जीव जडला होता. दोन वर्षं मी तुमच्याकडे आले नाही, ते कामामुळे नव्हे. तुम्ही वाट बघितलीत का हो?

मग गेल्या महिन्यात मंगलचा फोन आला.

या वेळी मात्र पहिल्याच प्रुफात मी ती ओळ सगळ्या परिच्छेदासकट खोडली. त्या जागी तुमचा प्रश्न घातला, तुमच्याच शब्दांत. प्रकाशकांचा फोन आला, "शेवट पडला की! आधीचाच राहू द्या." मी म्हटलं, "मग अख्खा लेखच काढा." मग ते म्हणाले, "बरं, नवाच राहू द्या. पण खरंच, कोण असेल हो ते दुसरं?"

परवा इनामगावला जाऊन मंगलला नवीन शेवट वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्या हायती आमच्या आत्या." मग म्हणाली, दुसरी शेजारीण असंल. मी म्हटलं, बाळाचा बाप का नसेल? अर्धा तास आम्ही भांडत होतो. तुम्ही हव्या होतात मध्ये!

येत्या रविवारी सणसवाडीला चालले आहे. तिथं बिहारहून आलेली एक बाई कारखान्यात काम करते, भाड्याच्या खोलीत राहते. तिच्यावर लिहायचंय. परवा ती फोनवर म्हणाली, "दीदी, मराठी तो मुझे पढ़नी नहीं आती. आपने क्या लिखा, मुझे कैसे पता चलेगा?"

तुम्हाला शब्द देते, मावशी. लेख छापायला जाण्याआधी मी तिच्या खोलीत बसून तिला एकेक ओळ हिंदीत सांगेन. आणि ती म्हणाली की "ये मैं नहीं हूँ," तर ती ओळ तिच्या समोरच खोडेन.

तुमची,
सुजाता
दौंड