समासातल्या बाई

प्रिय ताई,

परवा रविवारी मी निरोप समारंभाचं नाव काढलं आणि तू लगेच उठून भांडी घासायला लागलीस. ती भांडी घासलेलीच होती, मी पाहिलं. गुरुवारी दुपारी चार वाजता कॉलेजच्या वाचनालयात माझा निरोप आहे, आणि तुझं म्हणणं, मी तिथे येऊन काय करू, तिथे सगळी शिकलेली माणसं, माझं काय काम. एकदा तू नाही म्हणालीस की तुझ्यापुढे बोलायची माझी टाप नाही. मी पहिलं वाक्य संपवायच्या आत तू माझं तिसरं खोडून टाकतेस. म्हणून एकाच गावात राहून हे पत्र लिहितोय. पत्राला मधेच तोडता येत नाही. उद्या पहाटे ही पिशवी तुझ्या दाराच्या कडीला अडकवून, दार न वाजवता पळून जाणार आहे. पिशवीत एक पुस्तकही आहे, त्याला आत्ता हात लावू नकोस. चष्मा लाव, शिवण बाजूला ठेव, सगळं वाच, आणि मग काय ते नाही म्हण.

आपल्या कॉलेजच्या भुतांचं तुला भारी कौतुक. दर रविवारी मी येतो आणि चहा पुढ्यात यायच्या आधी तू विचारतेस, काय म्हणतायत तुमची भुतं. मनोऱ्यावरची घंटा अडीच वाजता आपोआप वाजते, ती जुन्या प्राचार्यांना अजून तास घ्यायचा असतो म्हणून, हे तुला ठाऊक आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सांगाडा, ज्याला सगळे काका म्हणतात, परीक्षेच्या आठवड्यात ज्याच्याकडे मान वळवतो तो नापास होतो, हेही ठाऊक आहे. धूळ पुसणारा माणूस रोज त्याची मान फिरवून ठेवतो, हे मी सांगितलं तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, आमच्या वेळी काका कायम उजवीकडे बघायचे. एकोणपन्नास वर्षांत त्या कॉलेजबद्दल तू स्वतःहून बोललेलं हे एकच वाक्य. मी ते जपून ठेवलंय.

पण ताई, मी तुला एक भूत कधीच सांगितलं नाही. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत लाडकं. त्यांना समासातल्या बाई म्हणतात. गणिताच्या पुस्तकात काही अडलं की मुलं त्या पानाच्या समासात पेन्सिलीने प्रश्न लिहितात, पुस्तकाची पाठ जराशी फाडतात आणि परत करायच्या टेबलावर ठेवून देतात. आठ-दहा दिवसांनी पुस्तक फडताळात परत येतं ते नीट शिवून, आणि प्रश्नाखाली बारीक अक्षरात उत्तर. धड पुस्तक ठेवलं तर उत्तर येत नाही, बाई फाटक्यातच वाचतात, असा नियम मुलांनीच शोधून काढला. कोणी म्हणतं, अर्धा अभ्यासक्रम राहिला असताना त्या वारल्या आणि तेवढा पुरा करायला मागे राहिल्या. त्या गळ्यात मोजपट्टीची टेप घालतात, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे. कारण त्यांचं प्रत्येक उत्तर कापड, कात्री, शिवण यांच्या उदाहरणातून येतं. दुपारी पुस्तकं बांधायच्या माझ्या दाबाचा स्क्रू करकरला की वाचनालयातल्या मुली एकमेकींना कोपर मारतात, बाईंनी मशीन सुरू केलं म्हणून. भिंतीपलीकडे मी डिंकाने हात बरबटून बसलेला असतो.

आता तू भुवया वर केल्या असशील. थांब. चोवीस वर्षांपूर्वी एक पुस्तक माझ्याकडे बांधायला आलं. त्यात वक्ररेषेच्या उताराचं प्रकरण होतं आणि शेजारी कोणीतरी लिहिलं होतं, हे मला या जन्मात कळणार नाही. आठवड्याभरात पूर्वपरीक्षा होती. मला राहवलं नाही. मी ते पान उतरवून रविवारी तुझ्याकडे आणलं आणि मलाच शिकायचंय असं सांगितलं. तू बाही बेतत होतीस. तू खडू उचललास आणि कापायच्या टेबलावर बाहीचा गोल काढून म्हणालीस, कात्री गोल फिरते असं वाटतं, पण दर क्षणी ती सरळच चाललेली असते, त्या क्षणी तिचं तोंड कुठे आहे तेवढं बघ, तोच उतार. दूध उतू गेलं तरी तुला कळलं नाही. तुझा तो चेहरा मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिला. घरी जाऊन मी तुझी वाक्यं जशीच्या तशी कागदावर उतरवली आणि सोमवारी समासात लिहिली. पंधरा दिवसांनी तेच पुस्तक पुन्हा फाटून आलं. कळलं, असं लिहिलं होतं, आणि खाली, पुढचं पानही सांगाल का.

तिथे मी अडकलो. मग प्रश्न येत गेले, मी ते माझे म्हणून तुझ्याकडे आणत गेलो, आणि तू सांगत गेलीस. शेजारच्या काकूंना तू अभिमानाने सांगतेस, माझ्या भावाने पुस्तकं बांधता बांधता सगळं गणित पचवलं. ताई, मला आजही अपूर्णांकांच्या पुढे काही कळत नाही. मागच्या वर्षी तू मला अचानक उदाहरण घातलंस आणि माझं पोट दुखायला लागलं, ते पोट ठणठणीत होतं.

माझ्या हातून एक घोळ मात्र झाला. एका रविवारी मी डोळ्यांवर झोप घेऊन लिहून घेत होतो. तू म्हणालीस, गाढवा, आधी प्रश्न नीट वाच. मी तेही लिहिलं, आणि सोमवारी ते तसंच समासात गेलं. मला वाटलं, आता मुलं रुसणार. झालं उलटंच. ज्याला ते गाढवा मिळालं होतं तो वर्गात पहिला आला. तेव्हापासून बाईंनी गाढव म्हटलं की पोरगं पास, असा कॉलेजचा दाखला आहे. मुलं हट्टाने वेड्यासारखे प्रश्न लिहितात, शिवी मिळावी म्हणून. आणि तुझ्याकडे शिव्यांचा तुटवडा कधीच नव्हता, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

फाटक्या पुस्तकांचा ढीग तिप्पट झाला, तशी आमच्या ग्रंथपालबाईंना शंका आली. पण त्यांना शंका आली उंदरांची. वर्षभर त्यांनी गणिताच्या फडताळांत पिंजरे लावले. उंदीर एकही सापडला नाही, पदार्थविज्ञानाच्या सरांचं बोट तेवढं सापडलं. सर तिथे भूत पकडायला बसले होते. भुताबितावर त्यांचा विश्वास नाही. तीन दुपारी ते दोन फडताळांच्या मधे खुर्ची टाकून बसले, तिसऱ्या दुपारी घोरले, आणि शेवटी हार मानून त्यांनीही एका पुस्तकाची पाठ फाडली. पुस्तक त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं. त्यातलं सगळ्यांत अवघड उदाहरण त्यांनी विचारलं. तुला आठवेल, ते तू दोन रविवार घेतलंस, आणि तिसऱ्या रविवारी टेबलावर हात आपटून म्हणालीस, यात उणे चिन्ह हरवलंय, लिहिणाऱ्याच्या दोन लगावायला हव्यात. मी त्या दोन लगावण्यासकट सगळं लिहिलं. सर दुसऱ्या दिवशी पुस्तक छातीशी धरून माझ्या खोलीत आले, स्टुलावर बसले आणि माझी पेन्सिल मागून घेऊन त्यांनी ते चिन्ह पानावर घातलं. पुढच्या आवृत्तीत ते चिन्ह जागेवर आलं. आता त्या फडताळांवरून जाताना सर आवाज खाली आणतात.

ताई, तुझ्या डोक्यात केव्हाच प्रकाश पडला असेल. समासातल्या बाई तूच आहेस. मी फक्त तुझा हात आहे, तोही डिंकाने माखलेला. बाबांची नजर गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर गणिताच्या वह्या घेऊन घरी आलीस, त्या पलंगाखाली सरकवल्यास आणि बाबांच्या मशीनवर बसलीस. मी त्या दिवशी गृहपाठ केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, तुझ्या जिवावर. तेव्हापासून कापडाच्या दुकानात जायला तू लांबचा रस्ता घेतेस, कॉलेजचं फाटक दिसू नये म्हणून. तुला वाटतं मला कळत नाही. तुला वाटतं, तिथे तुझं काही उरलेलं नाही. अगं, आत्ताच्या गणित विभागात चोवीस वर्षं शिकवलेलं दुसरं कोणी नाही. तुला न विचारता मी हे सगळं केलं, त्याबद्दल माझा कान धर. पण मला त्याचा इतका आनंद आहे की पश्चात्ताप करायला घेतला तरी हसू येतं.

आणि आता खरं सांगतो. माझा निरोप हे निमित्त आहे. हार घालतील, भाषणं करतील, तू नसलीस तरी मी ते निभावून नेईन. आता पिशवीतलं पुस्तक काढ आणि एकशेबारावं पान उघड. हे मागच्या बुधवारी आलं, माझ्याकडचं शेवटचं. एका मुलीने लिहिलंय, बाई, हे गणित नाही, माफ करा. मी दुसऱ्या वर्षाला आहे. आई अंथरुणाला खिळली आहे, आमचं दुकान बघायला कोणी नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी नाव काढायचा अर्ज द्यायचाय. देऊ का? सहा दिवस मी पेन्सिल घेऊन बसलो, आणि या रविवारी ते तुझ्यापुढे ठेवायला धजलो नाही. बाकी सगळं मी तुला माझं म्हणून विचारलं, हे कसं विचारू? तू जे केलंस ते पुन्हा केलं असतंस का, दुसरी काही वाट निघाली असती का, हे मी तुला एकोणपन्नास वर्षांत विचारलेलं नाही, आणि ते फक्त तुलाच माहीत आहे. पण तिला काहीतरी कळवायला हवं होतं. म्हणून काल मी त्या पानावर एक उत्तर लिहिलं, तेच चिठ्ठीवर उतरवलं आणि ती चिठ्ठी त्या पुस्तकाच्या जागी फडताळात ठेवली. संध्याकाळी चिठ्ठी तिथे नव्हती. तिच्या प्रश्नाखाली माझं अक्षर बघ: गुरुवारी चार वाजता वाचनालयात ये, खिडकीजवळच्या टेबलाशी, मी स्वतः भेटते. ताई, चोवीस वर्षांत मी तुला न विचारता दिलेलं हे एकच उत्तर आहे. बरोबर की चूक ते येऊन सांग. मी त्या टेबलाशी दोन खुर्च्या ठेवून घेतल्यात. घाईत गळ्यातली टेप काढायची राहिली तरी राहू दे, तिला ओळखायला बरं पडेल.

तुझाच,
पहिला गाढव