काढून ठेवलेलं साडीगार्ड

अहो,

तुम्ही गाढ झोपला होता, म्हणून उठवलं न्हाय. मावसबहिणीच्या साखरपुड्याला मी एसटीनं परंड्याला निघाले. भाकरी टोपल्यात आहे, पिठलं तेवढं गरम करून घ्या.

निघायच्या आधी तुमची गाडी एक चक्कर फिरवून आणली. रागावू नका. महिनाभर गॅरेजात बसून तिला काय काय लावलंत, त्यानं खरंच काय होतं ते मला बघायचं होतं. नवा सायलेन्सर लई वाजतो, गल्लीतली कुत्रीबी उठली. पण चढावर ती आधीसारखी ओढत न्हाय, गचके खाते. रेस वाढवली की मात्र एकदम सुटते! मजा आली, खोटं कशाला बोलू. पण असं का होतं, आधी धाप आणि मग धाव? मला नीट समजावून सांगा.

अजून एक विचारायचंय. वजन कमी केलं की गाडी पळते म्हणालात. काढलेलं सामान जिन्याखाली पोत्यात सापडलं. मागची सीट, मागचे फुटरेस्ट, धरायचं हँडल आणि साडीगार्ड. एकेक हातात घेऊन बघितलं. त्यातलं तुमच्या बसण्याचं एकबी न्हाय, सगळं माझ्याच बसण्याचं.

साडीगार्ड पिशवीत घालून नेतेय. साखरपुडा संध्याकाळी आहे. बाकीचं बसवून आलात, तर हे तिथं दोघं मिळून लावू आणि गाडीवरच परत येऊ. न्हायतर एकटेच पळवा, हलकी झालीच आहे.

श्रावस्ती