कुणाचा रिपोर्ट कुणी बघायचा

३ फेब्रुवारी, सोमवार
बोंबललं सगळं! रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवरून कुणीतरी एका मुलीचा रिपोर्ट उघडला, आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्या होणाऱ्या सासरी पोचला. ठरलेलं लग्न मोडलं. उघडला कुणी? कळायला मार्गच नाही. सगळे एकाच पासवर्डनं आत जातात, आणि तो स्क्रीनवर चिकटवलेला! सॉफ्टवेअर आमचं. म्हणजे माझंही.

५ फेब्रुवारी
साहेबांनी लॉगिनच्या कामासाठी एक नवी बाई आणलीय. पन्नाशी ओलांडलेली, मधे बारा वर्षं घरी होती म्हणे. मनात म्हटलं, झालं! पहिल्या दिवशी बाईंनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. लॅबमध्ये जाऊन बसल्या. कोण कधी उठतं, कोण कुणाच्या खुर्चीत बसतं — सगळं वहीत. मी नाव ठेवलं: हेडबाई.

११ फेब्रुवारी
मानलं! मी तीन वेगळी लॉगिन लिहायला घेतली होती — डॉक्टरांच्या वेबसाइटला एक, लॅबच्या कॉम्प्युटरला एक, पेशंटच्या मोबाईलला एक. हेडबाईंनी शांतपणे वाचलं. "अगं, तीन दारांना तीन वॉचमन लागतील. दार एकच ठेवू."
तिथं ओळख पटली की ॲपला फक्त एक चिठ्ठी मिळणार: हा माणूस कोण, काय बघू शकतो, किती वेळ. पासवर्ड ॲपच्या हाती लागतच नाही. मोबाईल हरवला? चिठ्ठी रद्द!
माझं आठवड्याचं काम पुसलं गेलं. वाईट वाटलं — पण अर्धाच तास.

१४ फेब्रुवारी
नवं लॉगिन सुरू झालं आणि लॅबच्या काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आली. "दर वेळी लॉगिन? रांग दारापर्यंत जाते हो!" मी म्हणणार होते, होईल सवय. हेडबाईंनी चक्क तिची माफी मागितली. दिवसभर स्वतः काउंटर सांभाळला, आणि परत येऊन सगळं बदललं. आता बोट टेकवलं की सुरू, खुर्चीतून उठलं की बंद.

२० फेब्रुवारी
लॅबचे मालक डॉक्टर तावातावानं आले. "माझ्याच लॅबमध्ये मलाच 'परवानगी नाही'?" आमच्या साहेबांचा चेहरा पांढराफटक. हेडबाई जागच्या हलल्या नाहीत.
"तुम्ही कोण ते मशीनला माहीत आहे, डॉक्टर. पण हा पेशंट तुमचा नाही."
"आणि तरी उघडा म्हटलं तर?"
"उघडते. फक्त कारण लिहावं लागेल. ते पेशंटला दिसेल."
डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "त्या मुलीच्या वेळी हे असायला हवं होतं," एवढंच म्हणाले. फाइल मागितलीच नाही!
काय बाई आहे! इतकी वर्षं मला लॉगिन म्हणजे नुसतं कुलूप वाटायचं.

२१ फेब्रुवारी
घरी रोज हेडबाईपुराण. आई म्हणाली, "तिलाच दत्तक जा आता!"

२७ फेब्रुवारी
पेशंटची नवी सोय आज सुरू झाली — आपला रिपोर्ट आणखी कुणी बघायचा, ते पेशंटनंच ठरवायचं. दुपारी माझ्याच मोबाईलवर सूचना: एका पेशंटनं तुम्हाला परवानगी दिली आहे. मला वाटलं, हेडबाई खोट्या नावानं ॲप तपासतायत. मग नाव वाचलं. त्यांचंच.
त्या शेजारीच बसल्या होत्या. हात मांडीवर.
"उघड ना," म्हणाल्या. "मला एकटीनं बघवत नाहीये."