तुझ्या नावाची ओ

दि. १९, गुरुवार

चि. सौ. धाकटीस थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

आज आले ते असे: मेणबत्त्या चार, काडेपेटी एक. होडीवाल्याने दोन्हींचे मिळून पंचवीस घेतले. घरे बुडाली, त्याचा धंदा तेवढा वर आला. तांदूळ, डाळ, मीठ आले नाही. कारण पुढे लिहिते.

पाणी खालच्या मजल्याच्या छताला टेकून थांबले आहे. भांडी जिन्यातच बुडवून घासते, सवय झाली. यांचा खोकला तसाच. देवापुढे दिवा एकवेळच लावते. देव समजून घेईल.

तू पहिल्या होडीने माहेरी गेलीस त्याचे पोचपत्र नाही. टपाल तुंबले असेल, असे धरून चालले आहे. भाऊजी जहाजावर, त्यांना यातले काहीच ठाऊक नाही.

शिधा वाटणारा कारकून वर बघत नाही. होडीतून घरच्या बाईचे नाव पुकारतो, खिडकीतून ओ आली की खूण करतो आणि दोराने सोडलेल्या टोपलीत शिधा टाकतो. तुझे नाव पुकारले तेव्हा मी मधल्या दाराने तुझ्या खोलीत गेले आणि तुझ्यासारखेच लांबवून म्हटले, "ओ, आले हो." हे म्हणाले, "धाकटीपेक्षा धाकटी शोभतेस." मी म्हटले, "खोकल्याला रिकामं पोट चालत नाही."

मग दूधवाला तराफ्यावरून आला. म्हणाला, पहिली होडी पुलाच्या खांबाला लागून उलटली, आत कोण कोण होते ते कुणाला माहीत नाही. त्याच दुपारी पुन्हा तुझे नाव पुकारले. मी खरे सांगितले असते तर तुला शोधायला माणसे गेली असती, आणि तुझा शिधा बंद झाला असता.

मी ओ दिली. कागदावर तू घरातच आहेस, म्हणून तुला कुणी शोधत नाही.

सोमवारी तुझे नाव पुकारले म्हणून मधल्या दाराची कडी काढायला गेले, तोच आतून ओ आली. लांबवलेली. तुझ्या खिडकीतला दोर सरसरत खाली गेला आणि वर आला. हे म्हणतात, "तुझाच आवाज भिंतीवरून फिरला असेल." मी तोंडही उघडले नव्हते. कडी तशीच ठेवली. ती माझ्या बाजूने आहे. त्या दाराखालून पाणी येते. मी पुसून घेते.

आज माझे नाव पुकारले. मी ओ देणार, तेवढ्यात तुझ्या खोलीतून ओ गेली, माझ्या आवाजात. शिधा तिकडे पडला. मग मी खिडकीतून सगळे ओरडून सांगितले, की धाकटी घरात नाही, तिला शोधा. कारकून मान वर न करता म्हणाला, "त्या रोज ओ देतात, बाई. थोरल्या बाईंनीही आत्ताच दिली. आपण कोण?"

हे पत्र दूधवाल्याजवळ देत आहे. जिथे असशील तिथून उलट टपाली दोन ओळी लिही, तुझ्या हातच्या. पाकिटावर यांचे नाव घाल. माझ्या नावाने आलेले आता माझ्या हाती लागत नाही.

तुझी,
थोरली