तोंडाला हाड

३ मार्च
आजपासून डायरी. बोलायला बंदी आहे, आणि बोलल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

वरचा पुढचा दात गेला, तेव्हापासून 'स' म्हटला की शिट्टी वाजते. इतरांचं ठीक, पण मी बस स्टँडवरचा अनाउन्सर! 'सव्वासहाची बस' म्हटलं, तर रिव्हर्स घेणारा ड्रायव्हर कंडक्टरची शिट्टी समजून ब्रेक मारतो. मॅनेजरने रेकॉर्डेड बाई बसवली. दात बसला तर माईक माझा, नाही तर बाई कायमची.

दात बसवायला हिरडीत हाड हवं. ते झिजलंय. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज त्या जागी ग्रोथ फॅक्टर प्रोटीनमध्ये भिजवलेला स्पंज ठेवून टाके घातले. म्हणाल्या, प्रोटीन स्वतः हाड होत नाही. ते आजूबाजूच्या पेशींना बोलावतं, या आणि इथे हाड बांधा. म्हणजे अनाउन्समेंटच की! आमच्याच लाइनमधलं निघालं. त्याला पूर्ण सहकार्य करणार.

अट एवढीच: कमी बोला, जीभ तिकडे नेऊ नका. बायको हसून म्हणाली, यांच्या तोंडाला आजवर हाड नव्हतं, आता कुठून येणार? दुर्लक्ष केलं.

४ मार्च
कडक मौन. फक्त दूधवाल्याला प्रोटीन समजावलं. मग शेजाऱ्यांना, कारण दूधवाल्याने त्यांना चुकीचं सांगितलं असतं. मेव्हण्याचा फोन यात धरत नाही.

९ मार्च
स्टँडवर सहज डोकावलो. रेकॉर्डेड बाईने फलाट चुकीचा सांगितला. एक आजी पिशवी घेऊन भलतीकडेच उभ्या. ओरडलो. मग अख्खं टाइमटेबल म्हणून दाखवलं. गप्प बसणं माणुसकीला धरून नव्हतं. आजींना बस मिळाली, टाका एक सुटला.

१४ मार्च
जीभ मी नेत नाही. ती जाते. मी काय करू? तोंडात तिला दुसरीकडे जायला जागा तरी कुठेय?

जेवताना काहीतरी मऊ, लिबलिबीत बाहेर आलं. पाव असावा. थुंकला. आज पाव खाल्ला नव्हता, पण कालचा असेल. टाके बघायला उद्या बोलावलंय. उगाच त्यांना त्रास कशाला? पुढच्या महिन्यात जाऊ.

२ एप्रिल
तिथे टणक लागतंय! जिभेने नीट तपासलं. दिवसभर तपासलं. हाडच. मॅनेजरला सांगितलं, माईक पुसून ठेवा. 'पुसून' म्हणताना शिट्टी वाजली, पण पूर्वीपेक्षा बारीक.

२० जुलै
एक्स-रे. त्या जागी काळोख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्पंज टिकलाच नाही, जीभ लावत होतात का? मी सविस्तर सांगितलं की लावत नाही, कधीच नाही, माझा स्वभावच तसा नाही. त्यांनी आरसा धरला. जीभ खड्ड्यात होती. माझं बोलणं अजून चालूच होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती हसली नाही. मला त्या माईकशिवाय दुसरं काही येत नाही.

१ ऑगस्ट
रेकॉर्डेड बाई कायम झाली. मला हरवलं-सापडलं खिडकीवर बसवलंय. तात्पुरतंच असणार.

२ ऑगस्ट
आज दिवसभर एक शब्द बोललो नाही. शेवटी जमलं.

खिडकीवर कोणी आलंच नाही.