पांढरा भाग

२ सप्टेंबर

आलो एकदाचे! मी, धाकटी बहीण, अण्णा आणि अण्णांची कवळी. ती प्रवासात हरवली, सापडली, पुन्हा हरवली आणि शेवटी माझ्याच चपलेत निघाली. भाड्याचं घर टेकडीच्या पायथ्याशी आहे. खोल्या ऐसपैस, खिडक्या मोठ्या, मागे लहानसं परस. वर टेकडीच्या कुशीत मातीच्या बांधाने अडवलेलं मोठं तळं आहे, गावाला पाणी तिथूनच येतं. धाकटीने नळ सोडला, ओंजळभर प्यायली आणि पाणी गोड असल्याचा निर्वाळा दिला. अण्णा म्हणाले, पाणी गोड, हवा गोड. आता शेजारी तेवढे कडू निघाले की घरच्यासारखं वाटेल.

उद्यापासून नवी नोकरी. जमिनीखाली जुन्या वस्त्या कुठे दडल्या असतील, याचं भाकीत खणण्याआधीच करायचं. मला विचाराल तर याहून मोठं काम नाही. राजे आपली नावं दगडात कोरून गेले. तो दगड ज्यांनी पाठीवर वाहून आणला त्यांचं काय उरलं? एक फुटकं मडकं, एक विझलेली चूल. ते मडकं शोधणं हा छंद नव्हे, तो न्याय आहे! अण्णा म्हणतात, घरात सभेसारखं बोलू नकोस, दूध नासतं.

५ सप्टेंबर

कार्यालय बेताचं आहे. भिंतभर खोऱ्याचा नकाशा, खिडकीखाली सापडलेल्या वस्तूंचे उघडे ट्रे, सगळीकडे मातीचा वास. साहेबांनी काम समजावून दिलं. आधीच सापडलेल्या वस्त्यांची माहिती संगणकातल्या मॉडेलला द्यायची: पाणी किती लांब, उतार किती, माती कुठली, उंची किती. मग ते सगळ्या खोऱ्यात तशाच जागा हुडकतं. दाट शक्यता तिथे लाल, शंका तिथे पिवळा, काहीच सापडणार नाही तिथे पांढरा.

सगळ्यात मोठा पांढरा भाग खाली नदीच्या वळणावर आहे. इतकी सुपीक जमीन, आणि तिथे कुणी राहिलंच नाही? साहेब संत्रं सोलता सोलता म्हणाले, राहिले असतील की. पण नदी तिथे सगळं धुऊन नेते. पांढरं म्हणजे माणूस नव्हता असं नाही, बाई. माणूस उरला नाही, असं. आणि मला एक फोड दिली.

खोदकामाच्या मुकादमाला सगळे उंदीरमामा म्हणतात. त्यानेच हे नाव सांगितलं. जन्मभर बिळं पोखरली, म्हणाला, आणि मिळवली काय तर गुडघेदुखी. चष्म्याची एक काडी त्याने तांब्याच्या तारेने बांधली आहे.

संध्याकाळी अण्णांच्या कवळीचा पुढचा दात निखळला. मडकी जोडायचा आमचा डिंक लावून मीच तो बसवला. जरा तिरका बसला आणि कडेला पिवळा ओघळ राहिला. अण्णा आरशात पाहून म्हणाले, आता मी पुराणवस्तू झालो, मला काचेत ठेवा.

९ सप्टेंबर

आज साहेबांशी कडाक्याचं भांडले आणि जिंकले.

मॉडेलच्या माहितीत काळाचा रकाना आहे: कुठली वस्ती कधीची. राजवटींच्या काळातली स्थळं जास्त खणली गेली, म्हणून मॉडेलही त्याच काळाच्या मागे धावतं. म्हणजे इथेही मान मोठ्यांनाच! मी म्हटलं, तो रकाना काढून टाका. मेलेल्या माणसाला वय नसतं. मातीखाली गेलेला प्रत्येक माणूस सारखाच आपला आहे. साहेब म्हणाले, काळ काढलात तर ते सगळ्या काळातलं एकदम सांगत सुटेल. मी म्हटलं, सांगू द्या! उंदीरमामाने टाळ्या वाजवल्या.

काढला. नवा नकाशा दुपारी आला. टेकडीचा पायथा, म्हणजे हे अख्खं गाव, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल.

मी आनंदाने ओरडलेच. एवढी मोठी वस्ती, आणि आजवर कुणाला पत्ता नाही!

१४ सप्टेंबर

शाळेच्या मैदानामागे पहिला चाचणीखड्डा. वर चूल मिळाली, काळी पडलेली, शेजारी मडक्याची खापरं. साहेबांनी मला पेढ्यासारखी एक खापरी भरवायचा आव आणला. सगळे हसले.

चुलीच्या खाली बारीक गाळाचा थर होता, दगडासारखा घट्ट. तो कुणी कधी उकरला नव्हता; एवढं मला कळतं, ते माझं शिक्षण आहे. त्या थरात एक चष्मा होता. एका काडीला तांब्याची तार.

उंदीरमामाने नाकावरचा चष्मा काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला. तारेचे वेढे तेच. गाठ तीच. म्हणाला, बरं झालं, एक फुटला तर दुसरा आहे. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी वस्तू ट्रेमध्ये ठेवली आणि चिठ्ठीवर काळाच्या जागी काहीच लिहिलं नाही.

१८ सप्टेंबर

आमच्या परसातही खणू या, असं मीच म्हटलं. कुठेतरी हा खुळेपणा थांबायला हवा होता. इथे काही निघालं नाही तर तो चष्मा म्हणजे कुणाची तरी चेष्टा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तोच गाळ. तोच घट्टपणा. खाली कवळी.

पुढचा दात तिरका. कडेला पिवळा ओघळ. माझ्या हाताचं काम मी ओळखणार नाही?

अण्णा खिडकीत बसून पेरू खात होते. मला पाहून हसले. तोच दात.

मी कवळी मुठीत लपवली. काय सापडलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

खोटं बोलले.

१९ सप्टेंबर

नगरकचेरीत गेले. पायथा लाल आहे, वर तळं आहे, बांध मातीचा आहे, हा गाळ दुसऱ्या कशाचा असणार! लोकांना हलवा, आजच हलवा. आयुष्यात इतकं कळकळून बोलले नव्हते. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, मॅडम, तुमचं खातं जुन्या खापरांचं, बांधाचं खातं वेगळं. बाहेर आल्यावर आतलं हसू ऐकू आलं.

साहेबही म्हणाले की मॉडेल मागचं सांगतं, पुढचं नाही. मी म्हटलं, मागचं कुठलं आणि पुढचं कुठलं, हे त्याला सांगणारा रकाना मीच काढला.

ते भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. मग म्हणाले, तरी तुम्हाला सांगितलं होतं.

२० सप्टेंबर

अण्णा आणि धाकटीला नदीच्या वळणावर हलवलं. फळबागेत एक खोली मिळाली. तो भाग पांढरा आहे, शुभ्र, एक ठिपकासुद्धा नाही. खोऱ्याबाहेर जायला घाट चढावा लागतो. अण्णांच्या दम्याला तो झेपत नाही. धाकटी चिडली: उंदराला घाबरून घर सोडतात, तू तर मडक्याला घाबरलीस! अण्णा म्हणाले, चला, हवापालट.

मी कामासाठी मागे राहिले. उंदीरमामालाही चल म्हटलं. तो म्हणाला, सगळं गाव इथे आहे, मी एकटा जगून कुणाची बिळं पोखरू?

२२ सप्टेंबर

परसातली कवळी मी कार्यालयातल्या ट्रेमध्ये ठेवली होती, ती नाही!

चिठ्ठी आहे, कवळीच्या आकाराचा कापसातला खळगा आहे, कवळी नाही. कुणी हात लावलेला नाही. चष्मा मात्र तिथेच आहे.

म्हणजे अण्णा या गाळात सापडणार नाहीत. हलवलं, म्हणून वाचले! माझे अण्णा वाचले! मी साहेबांसमोर लहान पोरीसारखी रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटलं.

२४ सप्टेंबर

बांधाला ओल आली आहे. माणसं बघायला जातात, परत येतात, दुकानं उघडतात.

साहेब आज संत्रं सोलत होते. फोड दिली नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. एकदम आठवलं—

पांढरं म्हणजे माणूस नव्हता असं नाही.

त्यांना परवाच कळलं होतं. मला सांगवलं नाही.

कवळी गेली, कारण ती सापडणार नाही. कुणालाच, कधीच. तळं फुटलं की गाळ इथे बसेल. पाणी पुढे जाईल. वळणावर.

गाळात निदान सापडले तरी असते— मी त्यांना तिथूनही काढलं.

फोन लागत नाही. बस बंद. चालत निघते आहे.

२५ सप्टेंबर

पोचले. दोघं ठीक आहेत. अण्णा पायरीवर बसले आहेत, धाकटी चहा टाकते आहे.

घाटाची वाट बंद केली आहे. परत पायथ्याशी न्यावं, तर अण्णा दहा पावलांत बसतात. पाठीवर घेतलं. बागेच्या फाटकापर्यंत गेले आणि पडले. ते म्हणाले, पुरे गं, गुडघे फुटले तुझे.

सगळं सांगितलं. धाकटीने चहा ओतला. कुणाला रागवायचं तेच तिला कळेना. मग माझ्या गुडघ्यांवरची माती पुसायला लागली.

नदी एकदम खाली गेली आहे. तळाचे दगड दिसतात. पाखरं नाहीत.

हे कुणी वाचणार नाही. ही जागा पांढरी आहे. जन्मभर दुसऱ्यांचं उरलेलं वेचलं, आणि आपली माणसं मी स्वतःच्या हाताने—

आवाज येतो आहे. वरून. गाड्यांचा असेल.

गाड्यांचा नाही.

धाकटीने माझा हात धरला आहे, अक्षर हलतं. अण्णा विचारतात, काय लिहितेस एवढं. कवळी काढून माझ्या मुठीत दिली. बोळक्या तोंडाने हसतायत. म्हणतात, तूच धर, तुझ्याकडे असली म्हणजे हरव—