'अवकाश'चा आठवा अंक

३ जानेवारी
संकल्प: 'अवकाश' ह्या आमच्या हौशी विज्ञानकथा-मासिकाचा इतिहास महिनाभरात लिहून संपवणे. पेणहून संपादक मी, रोह्याहून लेखक दिनानाथ. आजवर अंक सात. आठव्याची तयारी २००९ पासून जोरात.

९ जानेवारी
पहिले वाक्य झाले. नाव मीच ठेवले होते. अवकाश म्हणजे अंतराळ. निर्मळ संस्कृत. उरलेले उद्या.

२१ जानेवारी
आज 'सुवर्णकाळ' हे प्रकरण. चौथ्या अंकाच्या साठ प्रती रोह्याच्या एसटी स्टँडवर दोन दिवसांत खलास! खात्रीसाठी दिनानाथला फोन. तो म्हणतो, सर, ती कंपनीची मानसं. जानेवारी होता, कंपनीच्या हिंदी नोटिशीत अवकाश म्हंजे सुट्टी, नाव बघून त्यांना वाटलं वर्षाच्या सुट्ट्यांची यादी हाय. पोपट फिटर तर परत आला होता म्हणे, ह्यात दिवाळी कुठाय विचारायला.
खप तो खप. प्रकरणाचे नाव कायम.

४ फेब्रुवारी
दिनानाथच्या घरून शांतीवहिनींचा फोन. दिनानाथची नजर चालली आहे. परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आपल्या क्रमशः कादंबरीचा शेवट छापलेला एकदा बघायचाय म्हणतो. आठवा अंक पोस्टात हरवला, अशी त्याची समजूत.
समजूत खोडली नाही. महिनाअखेर अंक काढतोच. मजकूर बारा पाने, फाइलमध्ये सुरक्षित.

११ फेब्रुवारी
टायपिंग सुरू. पहिल्याच ओळीत संधी चुकलेला. यान शनीजवळ अडकले आहे, पण अशुद्ध भाषेत सोडवणे बरे नव्हे.

२८ फेब्रुवारी
फेब्रुवारी फार लहान.

१७ मार्च
पान दोन. वाचकाला संदर्भ हवा, म्हणून आधी इतिहास पूर्ण करावा असे ठरले. (ठरवणारा मीच.)

३० मार्च
वहिनींचा पुन्हा फोन. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. टायपिंगचा वेग वाढवला पाहिजे.

१९ एप्रिल
रोह्याला गेलो. वडखळला तासभर ट्रॅफिक. दिनानाथ ओटीवर बसलेला. त्याने मला आवाजावरून ओळखले. विचारले, सर, अंक आनलात?
म्हटले, आठव्या अंकाची एकही प्रत शिल्लक नाही. वाक्य निर्दोष. व्याकरणाने आणि अर्थानेही.
त्याचा चेहरा उजळला. आत हाक मारली, ऐकलंस काय गो, सगळा खपला! ह्या वेळी सुट्ट्यांसाठी नाय!
वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघत त्यांनी विचारले, किती छापल्या होत्या?
म्हटले, मोजक्याच.